हर्पिसच्या गोळ्यांनी कापोसी सार्कोमा का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याच्या मामांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन दीड वर्ष झालं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. पावसाळ्यात नडगीवर आणि तळव्यावर काळपट-जांभळे चट्टे उठले. गजकर्ण समजून महिनाभर मलम लावलं, मग बायोप्सी केली. रिपोर्टात ‘कापोसी सार्कोमा, एचएचव्ही-८ पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे माणसाच्या आठव्या हर्पिस विषाणूनं रक्तवाहिन्यांच्या अस्तरात होणारा कॅन्सर. एचआयव्ही निगेटिव्ह. हर्पिसचा विषाणू म्हटल्यावर कुणीतरी असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध सुचवलं. किडनीचे डॉक्टर मात्र केमोही देत नाहीत आणि असायक्लोव्हिरही नाही, रोजच्या गोळ्याच बदलतोय म्हणतात. हे बरोबर आहे का, विषाणूनं कॅन्सर होतोच कसा, शरीर त्याला पकडत का नाही, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) मामांना घरी बोलवावं की नाही, असं भाच्यानं विचारलं आहे.

चवथीचं आधी. बोलवा. पंगतीत बसवा, आरतीला उभं करा. हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. त्यासाठी एकमेकांचा दातांचा ब्रश वापरणं, घास चावून लहान मुलाला भरवणं असला जवळचा संबंध लागतो. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) शेजारी बसून काही होत नाही. आणि ज्याची प्रतिकारशक्ती धड आहे, त्याला हा विषाणू झाला तरी आजार बहुधा कधीच होत नाही. १९८९ साली आपल्याच गोव्यात डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. त्या काळची भीती अजून पुष्कळ घरांत मुरलेली आहे. मामांच्या बाबतीत तिला जागाच नाही.

आता नावाचा घोळ. माणसाला होणारे हर्पिस विषाणू आठ-नऊ आहेत. ओठांवर फोड आणणारा वेगळा, कांजिण्या-नागीण आणणारा वेगळा, आणि हा आठव्या क्रमांकाचा, ज्याला केएसएचव्हीही म्हणतात, तो वेगळा. प्रयोगशाळेत नुसती ‘हर्पिस टेस्ट’ मागितली, तर ओठांच्या हर्पिसची अँटिबॉडी मोजून देतात. ती निम्म्याहून जास्त लोकांत पॉझिटिव्ह येते आणि तिचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. ते पैसे वाचवा.

आजाराचं वर्णन व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी यांनी १८७२ साली केलं. विषाणू सापडायला मात्र १९९४ उजाडलं. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दोघांनी एकाच रुग्णाच्या गाठीतला आणि निरोगी भागातला डीएनए शेजारी ठेवून, एकात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले तुकडे वेगळे काढले. त्यातून हा विषाणू हाती लागला.

त्याचा डीएनए साधारण १ लाख ६५ हजार अक्षरांचा आहे. त्यात निदान डझनभर जनुकं अशी आहेत की जी त्यानं कधीकाळी आपल्याच पूर्वजांच्या पेशींतून उचललेली आहेत. पेशीला ‘वाढ’ सांगणारं, ‘मरू नकोस’ सांगणारं, रक्तवाहिन्यांना बोलावणारं, संरक्षणाची घंटा बंद करणारं, सगळं माणसाच्याच कारखान्यातलं, थोडा फेरफार करून घेतलेलं. म्हणून पेशीला ते परकं वाटत नाही. आणि फेरफार असा केलेला की मूळ प्रथिनाला लागणारा ब्रेक या नकलेला लागत नाही.

मामांच्या चट्ट्यात हा विषाणू दोन रूपांत असतो, आणि सगळं कोडं या दोन रूपांतच आहे. बहुतेक रोगट पेशींत तो झोपलेला असतो. थोड्याशा पेशींत, शंभरात पाचांहूनही कमी, तो जागा होऊन पिल्लं काढत असतो.

झोपलेल्या रूपात तो मोजकीच प्रथिनं बनवतो. त्यातलं मुख्य ‘लाना’. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत शिवला जात नाही, वेगळं कडं होऊन पेशीच्या केंद्रकात राहतो. पेशी दुभंगली की असं सुटं कडं मागे राहून हरवायचं. लाना एका हातानं हे कडं धरतं, दुसऱ्या हातानं आपली गुणसूत्रं ज्या प्रथिनांवर गुंडाळलेली असतात त्यांना पकडतं. कदंबच्या भरलेल्या बसला दार धरून लटकणाऱ्या माणसासारखा विषाणू फुकटात दोन्ही नव्या पेशींत पोचतो. शिवाय हेच लाना पी५३ आणि आरबी या आपल्या दोन मोठ्या राखणदार प्रथिनांना बांधून ठेवतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मारणं हे त्यांचं काम असतं.

लानाच्या जोडीला व्ही-सायक्लिन असतं. ते पेशीच्या सीडीके६ या इंजिनाला जोडलं जातं आणि पी१६, पी२७ हे नेहमीचे ब्रेक त्याला जुमानत नाहीत. तिसरं व्ही-फ्लिप. ते एनएफ-कप्पा-बी नावाचा जगण्याचा आणि सुजेचा स्विच कायमचा चालू ठेवतं. रक्तवाहिनीच्या अस्तराची चपटी पेशी लांबुडकी, चातीच्या आकाराची होते, ती मुख्यतः याच्यामुळे. याशिवाय विषाणू काही सूक्ष्म आरएनए सोडतो, त्यातला एक आपल्याच पेशीतल्या मिर-१५५ या सूक्ष्म आरएनएची नक्कल करतो. आरएनएला प्रथिनासारखं प्रतिकारशक्ती ओळखत नाही, म्हणून ही सर्वांत चोरटी हत्यारं.

एवढं असूनही झोपलेला विषाणू एकट्यानं गाठ टिकवू शकत नाही. कापोसीच्या गाठीतल्या पेशी काढून काचेच्या ताटलीत वाढवल्या, तर काही पिढ्यांत त्यांच्यातून विषाणू गळून जातो. लानाची पकड तितकीशी पक्की नाही. म्हणजे शरीरात गाठ टिकते, ती सतत नव्या पेशींना लागण होत राहते म्हणून. आणि ते काम जागे झालेले थोडे विषाणू करतात.

जागं होण्याची किल्ली आरटीए नावाचं प्रथिन. प्राणवायू कमी पडला, सूज आली, दुसरा एखादा जंतुसंसर्ग झाला की ती फिरते. पायांकडे रक्त रेंगाळतं, तिथं प्राणवायू कमी असतो, म्हणून चट्टे आधी पायांवर दिसत असावेत असं मानलं जातं. किल्ली फिरली की व्ही-जीपीसीआर हा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, पेशीच्या पृष्ठभागावर येतो. आपले असे ग्राहक बाहेरून संदेश आला तरच चालतात, हा संदेशाविना अखंड चालू. त्याच्या जोरावर व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सुटतं, शेजारच्या पेशी वाढतात, नवीन झिरपत्या रक्तवाहिन्या फुटतात. सोबत विषाणूचं स्वतःचं इंटरल्युकिन-६ हे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन सुटतं. आपल्या इंटरल्युकिन-६ ला काम करायला पेशीवरचे दोन जोडीदार ग्राहक लागतात, विषाणूच्या नकलेला जीपी१३० हा एकच पुरतो. म्हणून जवळजवळ कुठल्याही पेशीला ते चेतवू शकतं.

थोडक्यात, पाच जागे पंच्याण्णव झोपलेल्यांना पोसतात. त्यामुळे कापोसीला नेहमीच्या अर्थानं कॅन्सर म्हणणं थोडं कच्चंच आहे. तो सूज आणि कॅन्सर यांच्या मधोमध बसतो, आणि कारण काढून घेतलं तर बरेचदा मागे फिरतो. पोटातल्या किंवा छातीतल्या पाण्यात वाढणारा याच विषाणूचा लिम्फोमा मात्र असा नाही. त्याच्या पेशी विषाणूच्या डझनावारी प्रती कायम बाळगतात, आणि तो खराखुरा आक्रमक कॅन्सर आहे.

यात असायक्लोव्हिर कुठे बसतं? हे औषध विषाणू स्वतःच्या यंत्रानं डीएनएच्या प्रती काढत असतानाच त्याला अडवतं. झोपलेल्या विषाणूची प्रत आपलीच पेशी, आपल्याच यंत्रानं, दुभंगताना काढून देते. मग औषधानं अडवायचं कुणाला? त्यात या विषाणूवर असायक्लोव्हिर तसंही दुबळं. गॅन्सिक्लोव्हिर हे त्याच्याच जातीचं औषध जास्त चालतं. एड्सच्या रुग्णांना डोळ्यांच्या सीएमव्ही (आणखी एक हर्पिस विषाणू) संसर्गासाठी ते दिलं तेव्हा नवे कापोसी कमी झाल्याचं दिसलं होतं. पण आलेला चट्टा त्यानं जात नाही. मामांना या गोळ्या देऊन फक्त किडनीवर भार पडेल.

शरीर पकडत का नाही, याचं उत्तर लांब आहे, कारण या विषाणूनं प्रत्येक नाक्यावर माणूस पेरला आहे.

रक्तात फिरणारी कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंवर तुटून पडणारी प्रथिनं, ही पहिली फळी. तिला नामोहरम करणाऱ्या विषाणूच्या प्रथिनाचं काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या गटानं २००३ साली उलगडून दाखवलं आणि त्याला ‘कापोसिका’ असं नाव दिलं. पेशीच्या आत परका डीएनए दिसला की सीजीएएस नावाचा पहारेकरी ओरडतो, त्याच्या तोंडावर विषाणूच्या कणातूनच आलेलं एक प्रथिन हात ठेवतं. तरी ओरड पुढे गेलीच, तर इंटरफेरॉन हा विषाणूविरुद्धचा इशारा बनवणाऱ्या आपल्या आयआरएफ प्रथिनांची चार नकली भावंडं मध्ये घुसून काम बिघडवतात. सॉक्स नावाचं एक एन्झाइम तर पेशीचे बहुतेक एमआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचे जनुकांचे निरोप, सरळ कापून टाकतं, म्हणजे मदतीचा निरोप लिहायला कागदच उरत नाही.

सर्वांत सफाईचं काम विषाणूच्या के३ आणि के५ या दोन प्रथिनांचं. प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे नमुने एचएलए नावाच्या तबकावर बाहेर मांडून ठेवते, टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई, येता-जाता ते चाखतात. के३ आणि के५ पृष्ठभागावरच्या तबकांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावतात. चिठ्ठी लागली की पेशी ते तबक आत ओढून मोडीत काढते. पण सगळीच तबकं गायब झाली तर दुसरी पलटण, एनके पेशी, सावध होते, कारण रिकामी मांडणी हीच त्यांची संशयाची खूण. म्हणून के५ निवडून काम करतं. ए आणि बी प्रकारची तबकं काढतं, सी आणि ई बऱ्यापैकी राहू देतं. वर टी आणि एनके पेशींना घट्ट धरायला लागणारे आयसीएएम-१ आणि बी७-२ हे हुकही काढून टाकतं. आलेला शिपाई दारात उभा राहतो, पण कडी हाताला लागत नाही.

झोपलेल्या रूपात के३, के५ फारसे नसतात. तिथं लानाच स्वतःला लपवतं. त्याच्या मधल्या भागात तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे ते फार सावकाश बनतं आणि मोडतंही सावकाश. तबकावर मांडायला त्याचे तुकडेच कमी पडतात.

इतकं असून सुद्धा धडधाकट माणसात टी-पेशी जिंकतात. या सगळ्या युक्त्यांनी विषाणूला लपायला वेळ मिळतो, मोकळं रान नाही. मोकळं रान टॅक्रोलिमस देतं. ते टी-पेशींचा कॅल्सिन्युरिन हा स्विच बंद करतं, त्यांना वाढवणारं इंटरल्युकिन-२ बनत नाही, पलटण बराकीत बसून राहते. नवी किडनी वाचते ती त्यामुळेच, आणि विषाणू मोकाट सुटतो तोही त्यामुळेच. विषाणू मामांच्या अंगात आधीपासून असेल किंवा दिलेल्या किडनीतून आला असेल. दात्याची ही तपासणी सर्रास होत नाही, तेव्हा देणाऱ्याला दोष लावू नका.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा बेत बरोबर आहे. टॅक्रोलिमसच्या जागी सिरोलिमस. हेही किडनी सांभाळतं, पण वेगळ्या जागी, एमटॉर या प्रथिनावर बोट ठेवून. आणि व्ही-जीपीसीआर ज्या वाटेनं गाठ वाढवतं, ती वाट नेमकी याच एमटॉरवरून जाते. इटलीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कापोसी झालेल्या किडनी ट्रान्सप्लांटच्या १५ रुग्णांना सायक्लोस्पोरिन (टॅक्रोलिमससारखंच औषध) थांबवून सिरोलिमस दिलं. तीन महिन्यांत सगळ्यांचे त्वचेवरचे चट्टे गेले, कुणाचीही किडनी गेली नाही. पुढे सगळीकडे इतकं चोख जमलं नाही, काहींचे चट्टे राहिले किंवा परत आले. तरी सुरुवात इथूनच करावी.

बिघडतं कुठे ते पाहा. सिरोलिमस सुरू करण्यापूर्वी लघवीतलं प्रथिन मोजायलाच हवं. ते दिवसाला अर्ध्या-एक ग्रॅमच्या वर असेल, किंवा किडनी आधीच निम्म्याहून खाली उतरली असेल, तर सिरोलिमसनं प्रथिन आणखी वाढतं आणि बदल अंगाशी येतो. रक्तातली सिरोलिमसची पातळी साधारण मिलिलिटरला ५ ते १० नॅनोग्रॅमच्या मध्ये ठेवतात. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. औषध शरीरात फार रेंगाळतं, अर्धायुष्य अडीच दिवसांचं, म्हणून डोस बदलल्यावर आठवडा तरी गेल्याशिवाय मोजलेली पातळी फसवी असते. दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन ‘पातळी कमी आली, डोस वाढवा’ ही चूक वारंवार होते.

गोव्याच्या पावसात दुसरा घात होतो. काखेत-जांघेत गजकर्ण उठतं आणि फार्मसीतून फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलची गोळी सहज मिळते. ही औषधं यकृतातलं एन्झाइम अडवतात, आणि सिरोलिमस असो वा टॅक्रोलिमस, पातळी कितीतरी पट चढते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. टीबीसाठी रिफॅम्पिसिन लागलं तर उलटं, पातळी तळाला जाते. मामांसाठी कुठलीही नवी गोळी, अगदी बुरशीची सुद्धा, किडनीच्या डॉक्टरांना विचारून. तोंडात फोड, चढलेलं कोलेस्टेरॉल, जखम लवकर न भरणं हे सिरोलिमसचे नेहमीचे त्रास. दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल तर आधी सांगा. कोरडा खोकला आणि दम लागला तर छातीचा स्कॅन तातडीनं, कारण औषधानं फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि कापोसीही तिथं जाऊ शकतो. दोन्हींचे उपचार विरुद्ध दिशेचे आहेत.

घरच्यांचा मोह असतो तो ‘इम्युनिटी’ वाढवण्याचा. अमृतवेलीचा (गुळवेलीचा) काढा देऊ नका. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत, आणि भडकलेली प्रतिकारशक्ती आधी नव्या किडनीवरच चालून जाते. इंटरफेरॉनची इंजेक्शनं कापोसीवर चालतात, पण ट्रान्सप्लांटच्या रुग्णात याच कारणासाठी टाळतात. गोळ्या आपल्या मनानं बंद करणं हाही त्यातलाच प्रकार. चट्टे जातील आणि किडनीही जाईल. स्टेरॉइडनं कापोसी चेततो हे खरं, तरी प्रेडनिसोलोन अचानक सोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं.

केमो केव्हा? शौचातून काळं किंवा रक्त पडलं, थुंकीतून रक्त आलं, दम लागला, पाय सुजून टणक झाला, किंवा औषध बदलून तीनेक महिन्यांत चट्टे वाढतच राहिले तर. मग बहुधा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, शरीराच्या चौरस मीटरमागे २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, हृदयाचा इको पाहून. पॅक्लिटॅक्सेल हा दुसरा पर्याय, पण त्याआधी ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोन देतात, ते इथं कमीत कमी ठेवावं लागतं. ताप, सर्वत्र गाठी, पडलेलं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट असं एकदम दिसलं तर कापोसी नव्हे, याच विषाणूचा कॅसलमन आजार (लसिकाग्रंथी सुजवणारा) शोधायला हवा. तो दिवसांत बिघडतो, आठवड्यांत नाही.

शेवटी रिपोर्टाबद्दल, कारण बदल करण्याआधी निदान पक्कं हवं. काळ्या-सावळ्या त्वचेवर कापोसी जांभळा कमी आणि काळपट जास्त दिसतो. व्हेरिकोज व्हेनचे जुने डाग, कुष्ठरोगाच्या गाठी, बार्टोनेला जंतूनं आलेले लाल फोड हे सगळे त्याच्यासारखे दिसतात. शेवटचे तर साध्या डॉक्सिसायक्लिननं जातात. बायोप्सी ४ मिलिमीटरच्या पंचनं, सर्वांत जाड गाठीतून, पूर्ण खोलीची हवी. फिकट कडेचा वरवरचा पापुद्रा घेतला तर सुरुवातीच्या कापोसीत काही सापडत नाही. लाना दाखवणाऱ्या रंगाच्या तपासणीत चातीसारख्या पेशींच्या केंद्रकात तपकिरी ठिपके दिसतात, नाचणीचे दाणे सांडल्यासारखे. प्रत्येक दाणा म्हणजे विषाणूच्या कड्यांचा पुंजका. अडचण अशी की कापोसीत रक्त झिरपून साचलेलं लोहही तपकिरी आणि आपल्या कातडीतलं मेलॅनिनही तपकिरी. घाईत पाहणारा त्यालाच पॉझिटिव्ह म्हणू शकतो. ठिपके केंद्रकातच आहेत का, आणि शंका असेल तर लाल रंगद्रव्य वापरून पुन्हा पाहिलं का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारायला संकोच नको. रक्तातला विषाणू पीसीआरनं निगेटिव्ह आला तरी निदान खोटं ठरत नाही, चट्ट्यात असून रक्तात नसणं नेहमीचं आहे.

लाना रंग अनेक लहान प्रयोगशाळांत होत नाही. दुसरं मत घ्यायला बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मुंबईला जाणार असाल, तर नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि काचा दोन्ही मागून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी जुळवून पाहा, आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडून ब्लॉक बिघडला तर मामांची बायोप्सी पुन्हा करावी लागते, आणि सिरोलिमस सुरू झाल्यावर ती जखम भरायला वेळ लावते.